खालची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराला आतून लावतात ती नव्हे, बाहेरून वाजवतात ती. तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेल्या महदिया बंदरात, एका निळ्या दारावर मी अजून लटकते आहे. लटकते आहे, एवढंच.

आमच्याकडे जुन्या दारांना तीन कड्या असतात. एक पुरुषांची, जाडजूड आणि खर्जात बोलणारी. दुसरी बायकांची, जरा नाजूक आवाजाची. आणि त्या दोघींच्या खाली, पोरांचा हात पोचेल अशी मी. आवाज ऐकूनच आतल्या बाईला कळतं, डोक्यावर ओढणी घ्यायची की तसंच जाऊन दार उघडायचं. तिजानी लोहाराने मला घडवलं तेव्हा तो म्हणाला होता, "ही चिमणीसारखी चिवचिवली पाहिजे." तशी मी चिवचिवते. वरच्या दोघी मला पोरकट म्हणायच्या. म्हणोत बापड्या!

घर बेयाचं. नवरा लवकर गेला, मागे एकुलता एक वजदी. तो मला दोनदा झटपट वाजवायचा आणि जरा थांबून तिसऱ्यांदा. पुढे त्याला मिसरूड फुटलं, खांदे दाराएवढे झाले, तरी स्वारी वाकून मलाच वाजवायची.

"अरे घोड्या, आता तरी वरची वाजव. गल्ली हसते!" बेया ओरडायची.

"वरची वाजवली तर तू ओढणी शोधत बसशील. तोवर माझं कुसकुस गार होईल."

ती त्याला एक धपाटा घालायची आणि पान वाढायची. माझे खरे सुखाचे दिवस तेच.

बंदरात काम उरलं नाही. एका सप्टेंबरात वजदी चार मित्रांबरोबर होडीतून इटलीच्या किनाऱ्याकडे निघाला. जाताना त्याने दार ओढून घेतलं आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, परत आलो की हीच वाजवीन हं."

होडी पलीकडे पोचली नाही. मित्र लाटांबरोबर परत आले, वजदी तसाही आला नाही. आमची दफनभूमी अगदी समुद्राला लागून आहे. मित्रांच्या आया तिथे जाऊन रडतात. बेयाला रडायलासुद्धा जागा नाही.

वसंतात पाहुणे येतात. किल्ला बघतात, त्या पांढऱ्या कबरींचे फोटो काढतात आणि मग आमच्या गल्लीत वळतात. वाटाड्या तीन कड्यांची गोष्ट सांगतो आणि सगळ्यांचे हात माझ्याकडेच येतात. माणसं वाईट नाहीत, हौशी आहेत. मला वाजवतात, खिदळतात. आणि गच्चीवर मिरच्यांच्या माळा ओवणारी बेया सगळं टाकून जिन्यावरून धावत सुटते. दार उघडताना तिचा चेहरा कसा असतो आणि उघडल्यावर कसा होतो, ते मी रोज पाहिलं आहे. माझ्याच आवाजाची मला किळस आली.

समोरची शेदलिया एकदा म्हणाली, "अगं, उपटून टाक ती कडी. किती जीव जाळून घेशील?"

"काढली तर तो काय वाजवील?"

"बेया, अगं तो..."

एके सकाळी बेया शेवटच्या पायरीवरून घसरली. आतलं कण्हणं फक्त मला ऐकू आलं. बाहेरच्या पाहुण्यांना वाटलं, घरात कुणी नाही. त्यांनी मला आणखी एकदा वाजवलं आणि पुढे गेले.

तिचं खुब्याचं हाड मोडलं. शेदलियाने मला जुन्या फडक्यात घट्ट गुंडाळलं आणि म्हणाली, "पुरे झाला हा छळ." खरंच पुरे झाला. पाहुणे हात लावतात, फक्त धप्प होतं, ते निघून जातात. बेया काठी टेकत घरात फिरते.

काल दुपारी ती एकेक पायरी बसत बसत खाली उतरली. बाहेर आली. दार ओढून घेतलं. फडकं सोडलं आणि कण्हत वाकून मला वाजवलं. दोनदा झटपट, आणि थांबून तिसऱ्यांदा. मग दाराला कान लावून उभी राहिली. आतून कुणीच धावत आलं नाही.

"कोण आलंय गं, बेया?" शेदलियाने खिडकीतून विचारलं.

"कोणी नाही. मीच."

मग तिने स्वतःच्या हाताने मला पुन्हा फडकं बांधलं. गाठ शेदलियाच्या गाठीहून घट्ट मारली.

मित्रांनो, मला हात लावू नका, असं सांगणार होते. आता त्यानेही काही फरक पडणार नाही. एवढंच करा. परक्या दारांची गंमत पुरे झाली की आपल्या घरी जा आणि आपल्या दाराची कडी वाजवा. आत कुणीतरी अजून धावत येतं आहे, तोवरच.