उकंडरावचा फोकस

"भागिरथे, तुहं बियानं वांझ हाये! साऱ्या गावाले सांगतो मी!"

उकंडराव धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर उभा राहून बोंबलला, तेव्हा आम्ही चौघं शेजारच्या वावरात सोयाबीन सोंगत होतो. विळे थांबले. भांडण ऐकायला मिळालं की आमच्या गावात कंबरदुखी आपोआप बरी होते.

"पाच रोजावर दसरा आला अन् इच्या झाडाले एक शेंग नाई. नुसता पाला! ढोराले टाक म्हना!"

भागिरथाबाई आपल्या तुकड्यात उभी होती. तिचं सोयाबीन तिच्या छातीपर्यंत वाढलं होतं, हिरवंगार. बाकी शिवार पिवळं पडून पानं गाळून बसलं होतं.

"तुहं तोंड वांझ झालं अस्तं तं गाव सुखी झालं अस्तं," ती म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता, हे मला जाणवलं.

उकंडराव तिचा चुलतदीर. दोघांची वावरं एका धुऱ्याला लागून, आणि त्या धुऱ्यावरून वीस वर्षं तोंडातोंडी. ही रातोरात धुरा कोरते, असा त्याचा वहीम. म्हणून आषाढात त्यानं कारंज्याहून सोलरचा मोठा फोकस आणला. मोटरच्या खोलीमागे खांब रोवला आणि फोकसाचं तोंड भागिरथाबाईच्या वावराकडे केलं. दिवस बुडाला की तो आपोआप लागायचा आणि थेट उजाडेपर्यंत जळायचा. "आता पाह्यतो कशी सरकवते धुरा," असं तो पारावर बसून सांगायचा. ती काही सरकवत नव्हती. पण वहिमाला औषध नाही.

भागिरथाबाईचं नाव होतं ते बियाण्यासाठी. दुकानातल्या पिशवीवर नसेल एवढा आमचा तिच्या सुपावर भरवसा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिच्या अंगणातल्या सुपात आपली सुपारी ठेवायची, की पुढल्या सालचं बियाणं पक्कं. यंदा तिनं नवीन वाण आणलं होतं आणि धुऱ्यालगतच्या दहा गुंठ्यांत फक्त तेच पेरलं होतं. सुपात बारा सुपाऱ्या पडल्या होत्या. त्यांतली एक माझी.

उकंडराव ओरडला त्याच संध्याकाळी नऊजण गेले आणि आपापली सुपारी उचलून आणली. त्यांत मीही होतो. लपवून काय करू? तिनं सूप माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, "घ्या पंजाबराव. तुमचीवाली डागाची होती, वळखू येईन." त्यापेक्षा तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच त्या तुकड्यात शिरली. एकेक झाड वाकवून पाहत गेली आणि मधोमध थबकली. तिथं झाडं पिकलेली होती. गुडघ्याएवढी, पिवळी, शेंगांनी लगडलेली. धुऱ्याजवळ अरुंद आणि आत रुंद होत जाणारा एक पट्टा. वाण तेच, माती तीच, पेरणी एकाच दिवसाची. भोवतीचं उंच हिरवं रान ओलांडून तो पट्टा कोणाला दिसलाच नव्हता. ती तिथंच बसून राहिली. अंधारून आलं तशी तिची सून रत्नमाला तिला बोलवायला आली. रत्नमाला रिसोडला शाळेत विज्ञान शिकवते.

तेवढ्यात फोकस लागला. सारा तुकडा उजळला, पण भागिरथाबाई अंधारातच. ती एक पाऊल उजवीकडे, हिरव्यात सरकली. तोंडावर झक्क उजेड. परत पिवळ्यात आली. अंधार.

"रत्ने," ती म्हणाली, "ही तं त्याच्या खोलीची सावली हाये वं!"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं अख्खं गाव धुऱ्यावर गोळा केलं. सुपाऱ्या उचलणाऱ्यांना तर हाताला धरून आणलं.

"या पिवळ्यात उभे राहा सारे. चला. अन् उकंडा, तूही ये."

फोकस लागला. आम्ही काळोखात, आणि दोन्ही बाजूंचं हिरवं रान लख्ख. सावलीची कड जिथं जमिनीवर पडली होती, तिथंच पिवळं संपत होतं. बोटभर फरक नाही.

उकंडरावनं हसून पाहिलं. "उजेडानं कधी झाड वांझ होते काय? उजेडानं तं झाड वाढते!"

"वाढलंच ना काकाजी," रत्नमाला म्हणाली. "म्हनून तं छातीलोक गेलं. पन सोयाबीन रात मोजते. रात लांबली की पान शेंड्याले सांगावा धाडते, का वाढनं पुरे झालं, आता फूल काढ. तुमी इथं रात होऊच नाई देली. पान सांगावा धाडीन कसा?"

"थे पोट्ट्याइले सांगजो शाळेत."

"तिचं नको आयकू," भागिरथाबाई म्हणाली. "तुह्या खोलीचं आयक. जेवढी तुही खोली आडवी आली, तेवढंच माहं बियानं वाचलं. तुह्या घरात तेवढी एक भितच शहानी निंगाली."

सगळं गाव हसलं. उकंडराव तावातावानं शिडीवर चढला आणि फोकस गर्रकन आपल्याच वावराकडे फिरवला.

"घे! तुह्याकून फिरवला. पन बंद नाई करत. धुरा अजून दिसते मले!"

त्या सावलीतून भागिरथाबाईला कसंबसं अर्धं पोतं बियाणं निघालं. बाकीचं खरंच ढोरांना गेलं. आम्ही खाली मान घालून सुपाऱ्या घेऊन परत गेलो. तिनं बाकीच्या आठ ठेवून घेतल्या. माझी मात्र उचलून उजेडात धरली. "तुमाले शेवटी देईन, पंजाबराव. उरलं तं."

कार्तिक सरत आला. शिवारात तुरी फुलल्या. भागिरथाबाईची तूर पिवळीधम्मक. आणि धुऱ्याच्या पलीकडे उकंडरावची तूर पुरुषभर उंच, गर्द, एक कळी नाही. त्याच्या वावरात तुरीच्या आड आता दुसरं काही दिसत नव्हतं, धुराही नाही.

त्यानं रिसोडहून फूल यायचं औषध आणलं. बाटलीवर फुलांचा फोटो. एकदा फवारलं, दोनदा फवारलं, तिसऱ्यांदा दुप्पट फवारलं. तुरीचा पाला तेवढा चकाकला.

"आई, सांगू काय काकाजीले?" रत्नमालानं विचारलं.

"इचारू दे त्याले."

पण विचारेल तो उकंडराव कसला! त्याला सारं कळलं होतं. पण फोकस काढला तर गाव हसणार, आणि ठेवला तर तूर जाणार. मग त्यानं तोड काढली. दिवस बुडायच्या आधी शिडी लावून फोकसाला पोतं बांधायचं आणि सकाळी लोक उठायच्या आत सोडायचं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर रोज त्या वेळेला म्हैस मुद्दाम तिकडून आणायचो.

त्या दिवशीही तो शिडीवर होता. पोतं जुनं, ठिकठिकाणी फाटलेलं. फोकस लागला आणि भोकाभोकांतून उजेड तुरीवर सांडला. तो शिव्या घालत एक भोक हातानं दाबायचा, तर दुसरं उघडं पडायचं.

भागिरथाबाई घरी निघाली होती. तिनं वर पाहिलं. आता ही त्याला सोलणार म्हणून मी म्हशीला थांबवलं. तिनं डोक्यावरचा भारा खाली टाकला, भाऱ्याभोवतीचं जाड, दुहेरी शिवलेलं गोणपाट सोडलं आणि धुऱ्यापलीकडे शिडीच्या पायथ्याशी फेकलं.

"हे बांध. यातून नाई फुटत उजेड."

उकंडराव वरून डाफरला, "तुह्या भिकेची गरज नाई मले!"

"तुले कोन देऊन राह्यलं? तुहं तं सात पिढ्या तोंड नाई पाहात मी." ती भारा पुन्हा डोक्यावर घेत म्हणाली. "त्या तुरीनं माहं काय बिघडवलं?"