आडवं होण्यापुरती जागा

"काका, तिथं सामान ठेवतात," शोरूमवाली म्हणाली.

"मलाही सामानच समजा," आतून आवाज आला.

पायलट त्या लांबलचक पांढऱ्या गाडीच्या मागच्या भागात उताणा पडला होता. शेवटच्या सीटा पाडल्या की मागे कशी सपाट जागा होते, हे तिनंच मघाशी कौतुकानं दाखवलं होतं. पण दाखवलं म्हणून कुणी चपला काढून आत शिरेल आणि छातीवर हात ठेवून पडून राहील, असं तिच्या नोकरीत पहिल्यांदाच होत होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हा गृहस्थ पाय पसरून गाडी पाहत होता.

पायलट हे काही त्याचं खरं नाव नव्हे, आणि विमानात तर तो कधी बसलाही नव्हता. इस्पितळात अँब्युलन्स चालवणाऱ्याला तिथले लोक पायलट म्हणत. उभा जन्म त्यानं ते काम केलं. निवृत्त झाला, गणवेश परत दिला, पण नाव काही परत घेतलं नाही कुणी. बायकोसुद्धा रागात असली की त्याला पायलटच म्हणायची.

पडल्या पडल्या त्याला वरचं छत दिसत होतं. करड्या कापडाचं, मधोमध एक छोटा दिवा. शोरूमच्या काचांमधून दुपारचं ऊन आत येऊन त्या छतावर हलत होतं, पाण्यावर हलावं तसं. त्याला एकदम वाटलं, आपण आयुष्यभर माणसं वाहिली, पण त्यांना वर काय दिसत असेल हे कधी पाहिलं नाही. एवढंच दिसत असणार. छत, दिवा आणि हलणारं ऊन. बाहेरचे आवाज लांब गेले. कुणीतरी आपल्याला कुठंतरी नेतंय आणि आपल्याला काहीच करायचं नाही, असं त्याला क्षणभर वाटलं. बरं वाटलं, आणि मग भीतीही वाटली.

आपण मावलो म्हणजे ती मावेल. उशीला जागा उरेल. दार रुंद आहे, तळ खाली आहे, दोघं धरून सहज आत घेतील. मनातल्या मनात त्यानं गाडी पास करून टाकली.

हे सगळं कशासाठी, तर बायकोचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी तिला पुष्कळ समजावून सांगितलं, मीठ कमी, जिने कमी, दगदग नको. पायलटकडे मात्र त्यांनी नुसतं पाहिलं. इतकी वर्षं एका इस्पितळात काढल्यावर त्या पाहण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. असली माणसं त्यानं किती नेली होती. कधी वेळेवर, कधी नाही. घरातली माणसं फोन लावत बसतात, गाडी दुसरीकडे गेलेली असते, आणि मग जे व्हायचं ते होतं. आपल्या घरी असं व्हायचं नाही, त्यानं ठरवून टाकलं होतं. दारात आपली गाडी, चाकावर आपण. मग बघू कोण अडवतंय.

बायकोला यातलं तो एक अक्षर बोलला नव्हता. "मोठ्या गाडीत धक्के बसत नाहीत," एवढंच म्हणाला होता. त्यावर ती "हो का" म्हणाली होती. बायकोच्या "हो का"चा अर्थ ज्याला लागला तो संसारात तरला, पण पायलट त्या विषयात कायम कच्चा. शेजारी हसले. घरात माणसं दोन आणि गाडी हत्तीएवढी, नाकापेक्षा मोती जड म्हणाले. परदेशातली लेक तेवढी म्हणाली, "घ्या बाबा, हौस करा." तो ऐकून घेत राहिला.

"झोप झाली असेल तर या बाहेर," बायको म्हणाली. ती शेजारच्या हिरव्या गाडीला टेकून उभी होती. बालवाडी चालवण्यात तिची हयात गेली होती, त्यामुळे नवऱ्याशीही ती सुट्टीची घंटा झाल्यासारखीच बोलायची. "चपला घाला. उलट्या घालू नका."

ती हिरवी गाडीही तेवढीच मोठी, पण ढब निराळी. उंच, चौकोनी, मागच्या दारावर चाक टांगलेलं. शेवटच्या सीटा पडत नव्हत्या, नुसत्या भिंतीकडे दुमडत होत्या. खिडक्या मात्र गुडघ्यापासून डोक्यापर्यंत, आणि वर छताला काच.

"हिच्यातून आकाश दिसतं," बायको म्हणाली.

"आकाश आपल्या गच्चीतूनपण दिसतं."

"गच्ची पुढे जात नाही."

"अगं, हिच्यात मागे जागाच नाही."

"मागे काय ठेवायचंय तुम्हाला?"

पायलट चपलेचा अंगठा नीट करू लागला. शोरूमवालीनं ते पाहिलं आणि धंद्याला शोभेलसं गोड हसून म्हणाली, "दोन्ही चालवून बघा ना. चालवल्यावर गाडी आपणच सांगते."

पांढरी त्यानं एकट्यानं एक फेरी मारून आणली. लोण्यासारखी चालली. त्याचा निकाल झालाच होता. हिरवी तो केवळ बायकोच्या समाधानासाठी चालवणार होता. ती पुढे त्याच्याशेजारी बसायचं म्हणाली. पायरी उंच होती. एक पाय वर ठेवून ती थांबली, श्वास घेतला, मग दांडीला धरून वर गेली. बसल्यावर तिनं पदर सारखा केला आणि पट्टा लावला. शोरूमवाली मागे बसली.

"इकडं मी कधी बसलेच नव्हते," बायको म्हणाली.

ते खरं होतं. सरकारी गाडी, घरच्यांना बसवायची सोय नाही, आणि नियम मोडणारा तो माणूस नव्हे. घरची एक जुनी स्कूटर होती. तिच्यावर त्याच्या पाठीमागे बसून तिनं जग पाहिलं, म्हणजे बहुतेक त्याची पाठच पाहिली.

गाडी निघाली. आतली हवा गार होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं लागली आणि वरच्या काचेतून फांद्यांच्या सावल्या तिच्या मांडीवरून, हातांवरून, गळ्यावरून सरकत जाऊ लागल्या. ती मान वर करून पाहत होती. दुकानांच्या पाट्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, पुलाखालचं संथ पाणी, सगळं या उंचीवरून जरा हलकं दिसत होतं. कुणालाच कसली घाई नसल्यासारखं.

"किती छान," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, पण अर्धवटच. पायलटनं पाहिलं तर तिचा डोळा लागला होता.

त्यानं तिच्या ओठांचा रंग पाहिला. छाती वरखाली होतेय का ते पाहिलं. होत होती. पुन्हा पाहिलं. मग त्यानं गाडीचा वेग थोडा सांभाळला, खड्डा लांबूनच टाळला, वळण असं घेतलं की पेल्यातलं पाणीही डुचमळू नये. सावल्या सरकत होत्या. त्याला कळलंच नाही कधी, पण रस्ता ओळखीचा होत गेला. तो झोपला नव्हता, डोळे उघडे होते, हात चाकावर होते. फक्त ते हात आज त्याला विचारत नव्हते. मागे कुणीतरी आहे, त्याला पोचवायचंय, एवढंच त्याला वाटत होतं. मागे शोरूमवाली होती, ती फोनमध्ये गुंतली होती. गाडी चौकातून डावीकडे वळली, औषधांच्या दुकानावरून पुढे गेली, आणि थांबली.

समोर इस्पितळाचं मागचं फाटक होतं. अपघात विभागाचं.

वॉचमननं काचेतून ओळखीचा चेहरा पाहिला आणि सवयीनं आडवा बांबू वर केला. मग धावत खिडकीशी आला. "पायलट, तुम्ही? कोणाला आणलंत?"

शेजारी बायकोनं डोळे उघडले. फाटक पाहिलं, वर लावलेली पाटी पाहिली, स्ट्रेचर घेऊन उभा असलेला माणूस पाहिला.

"मला आणलंय," ती वॉचमनला म्हणाली. "पण मी आज बसून आलेय. तुमचा बांबू खाली करा."

वॉचमन गोंधळून मागे झाला. पायलटनं गाडी मागे घेतली आणि समोरच्या भिंतीच्या कडेला उभी केली. इंजिन बंद केलं.

"हाताला सवय आहे गं," तो म्हणाला. "माझ्या मनात काही नव्हतं."

"तुमच्या मनात गेले चार महिने दुसरं काही नाही." ती शांतपणे बोलत होती. "त्या पांढरीत आडवे का झालात, ते मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला? मी पोरांना शिकवलंय. खिशात काय लपवलंय ते मला चालण्यावरून कळतं."

शोरूमवाली हळूच म्हणाली, "मी जरा उतरते." "बसा हो," बायको म्हणाली, "भांडण नाही हे."

"मग पांढरीच घेऊ या," पायलट म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "उगाच हट्ट करू नकोस. वेळ आली तर मी तुला कुणाच्या भरवशावर ठेवणार नाही. मी स्वतः नेईन. माझ्याइतकं जपून कोणी नेणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कोणीच नेणार नाही. पण तुम्ही नेलंत तर मी मागे असेन, आणि तुम्ही पुढे."

त्यानं चाक घट्ट धरलं.

"माझा हात कोण धरेल?"

पायलट समोरच्या काचेतून बघत राहिला. किती वर्षं त्याच्या पाठीमागे माणसं माणसांचे हात धरून बसली होती. त्यांचे आवाज त्याला ऐकू यायचे. कुणी नुसतं नाव घेत राहायचं, कुणी पोरांची खुशाली सांगायचं, कुणी काहीच न बोलता रडायचं. त्यानं कधी मागे वळून पाहिलं नाही, पाहायचं नसतं. आणि बायकोच्या बाबतीतही त्यानं स्वतःला चाकावरच बसवून ठेवलं होतं. दुसरी जागा असू शकते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"ती वेळ आली की फोन लावा," बायको म्हणाली. "तुमच्या जागी जो कोणी आलाय तो येईल. त्याला चालवू दे. उशीर झाला तर होऊ दे. तुम्ही मागे माझ्याजवळ बसा. जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांसाठी पुढे बसलात, माझ्या वेळी तरी नको." मग ती जरा थांबली, तिला दम लागला होता. "आणि तोवर मला बसून फिरायचंय. ही हिरवी घ्यायची."

वरच्या काचेवर एक वाळकं पान येऊन पडलं होतं. पायलटनं मान वर करून ते पाहिलं.

मग पायलट खाली उतरला. पुढून वळसा घालून त्यानं तिच्या बाजूचं दार उघडलं, तिला उतरायला हात दिला, आणि मागचं दार उघडून तिला आत बसवलं. किल्ली त्यानं शोरूमवालीपुढे धरली.

"तुम्ही चालवा," तो म्हणाला. "मला मागे बसून बघायचंय."

"काका, मागून काय कळणार गाडीचं?"

"गाडीचं नाही बघायचं."

ती पुढे जाऊन बसली. गाडी निघाली, तशी त्याची मान पुढे ताणली गेली, उजवा पाय नसलेला ब्रेक दाबू लागला. "जरा डावीकडून," तो पुटपुटला. "त्यांना येतं," बायको म्हणाली. हातांचं काय करायचं ते त्याला समजेना. त्यानं ते आधी गुडघ्यांवर ठेवले, मग घडी घातली, मग सोडली. शेवटी तिनंच त्यातला एक उचलून आपल्या मांडीवर घेतला.

तिचा हात गार होता. सवयीनं त्याची बोटं तिच्या मनगटावरची नाडी शोधायला सरकली, आणि मग वाटेतच थांबली. त्यानं नुसता हात धरला.

"काका, सरळ जाऊ की वळू?" शोरूमवालीनं पुढून विचारलं.

पायलटला ते ऐकू गेलं नाही. बायको त्याला खिडकीतून काहीतरी दाखवत होती, आणि तो तिच्या बाजूला वाकून बघत होता.