हात न लावलेला फोटो

मी फोटो स्टुडिओतलं फिरतं स्टूल बोलतोय. हो, तेच. ओळखपत्राच्या फोटोसाठी तुम्ही माझ्यावर बसलात, पोट आत ओढलंत, श्वास रोखलात आणि ओठ न हलवता "झालं का?" असं विचारलंत. तुम्ही मला विसरलात, मी तुम्हाला विसरलेलो नाही. पण तुमचा चेहरा कसा होता म्हणाल, तर ते काही सांगता येणार नाही. मी पडलो खाली. मला दिसतात त्या हनुवट्या आणि गळे. जन्मभर माणसं खालून पाहिल्यामुळे माझं एक ठाम मत झालंय, की चेहरा ज्याला त्याला सांभाळता येतो, गळा कुणालाच येत नाही. ओठांवर हसू आणता येतं, पण गिळलेला आवंढा मला बरोबर दिसतो.

माझा जन्म लोखंडी सामानाच्या एका लहानशा कारखान्यातला. चार पाय, मधोमध जाड आट्यांचा स्क्रू, वर लाकडाची चकती, तिच्यावर फोम आणि काळं रेक्झिन. डावीकडे फिरवा, मी उंच होतो. उजवीकडे फिरवा, बुटका. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. माझ्यावर बसून तो लोकांना तोंड उघडायला सांगायचा. त्याने दवाखाना बंद केला तेव्हा मामांनी मला इथे आणलं. मामा लोकांना तोंड मिटायला सांगतात, एवढाच काय तो माझ्या नोकरीतला फरक.

मामा म्हणजे स्टुडिओचे मालक. सगळा बाजार त्यांना मामा म्हणतो, पण त्यांची सख्खी भाची एकच, थोरल्या बहिणीची मुलगी. तिला ते गोटी म्हणतात. लहानपणी ती होतीच तशी, गोल गरगरीत. शाळेच्या फोटोसाठी माझ्यावर बसवली की आधी पाय लोंबकळवायची आणि एक गिरकी घेतल्याशिवाय खाली उतरायची नाही. माझा स्क्रू कुरकुरायचा, पण खरं सांगतो, मला ते आवडायचं.

मोठी झाली तशी गिरकी थांबली. वजन वाढत गेलं, गुडघे बोलायला लागले, डॉक्टरांनी डोळे वटारले. मग मात्र पोरीने मनावर घेतलं. चालणं, पोहणं, ताटातलं मोजून मापून खाणं. घरच्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण ती हटली नाही. दोन वर्षांत ती निम्मी झाली म्हटलं तरी चालेल.

घोळ झाला तो वेगळाच. अंग उतरलं, पण कातडीला कुणी कळवलंच नाही. हनुवटीखालून गळ्यापर्यंत ती सैल पडली, दोन मऊ वळ्या होऊन लोंबायला लागली. वय अवघं पंचविशीचं. चेहरा पोरीचा आणि मान एखाद्या प्रौढ बाईची.

मला याचं नवल वाटलं नाही. माझंही तेच झालं होतं. इतक्या माणसांना पेलून माझा फोम दबला आणि वरचं रेक्झिन सैल पडून त्याला सुरकुत्या आल्या. मामांनी कुशनवाल्याला बोलावलं. त्याने नवा फोम भरला, नवं रेक्झिन ताणून खाली खिळे ठोकले. सुरुवातीला मी इतका गुळगुळीत होतो की एक गृहस्थ हसता हसता घसरून खाली बसले. पण लोक माझ्याकडे बघून "नवं आणलंत वाटतं" म्हणायचे आणि मी फुगून जायचो. म्हणून कुणी घट्ट व्हायचं म्हटलं, तर त्याला उपदेश करायचा अधिकार निदान मला तरी नाही.

गोटी आता याच स्टुडिओत काम करते. फोटो मामा काढतात, पुढची सफाई तिची. माझ्यासमोरच तिचा कॉम्प्युटर आहे. हात असा बसलाय तिचा, की बघत राहावं. आधी पुटकुळी, मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मग कपाळ, शेवटी गळा. गळ्यावरून ती ब्रश दोनदा फिरवते आणि वळ्या गायब. गिऱ्हाईक काही बोलो वा न बोलो, गळा साफ. त्यांना बरं वाटावं म्हणूनच ती हे करते, हे मी शपथेवर सांगतो. गिऱ्हाइकंही खूश होऊन जातात.

स्वतः मात्र ती कॅमेऱ्यासमोर येत नाही. शर्टाचं वरचं बटण सदा लावलेलं. घरच्यांचा एकत्र फोटो निघाला की "मी काढते ना" म्हणत ही मागे. बारीक झाल्यापासून तिचा एकही फोटो निघालेला नाही.

एक दिवस मामा बाहेर गेलेले पाहून तिने दवाखान्यात फोन लावला. कातडीचे उपचार करणारी एक डॉक्टरीण होती. तिथून सांगितलं, आधी फोटो पाठवा. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मान खाली घालून. गोटीने दाराची पाटी 'बंद' अशी फिरवली, कॅमेरा स्टँडला लावला, टायमर दिला आणि किती तरी वर्षांनी माझ्यावर येऊन बसली. शर्टाचं वरचं बटण उघडलं. प्रत्येक क्लिकला ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. मला फार वाईट वाटलं. स्टूल असल्याने थोपटता येत नाही, नुसतं स्थिर राहता येतं. तेवढं मी राहिलो.

त्या दिवशी शाळेच्या ओळखपत्रांच्या ढीगभर फोटोंची सफाई व्हायची होती. तिने आपले फोटोही त्याच रांगेत टाकले आणि कामाला लागली. स्वतःकडे बघायचं नाही, म्हणून नजर अर्धवट, मन भलतीकडे आणि हात सवयीचा. पुटकुळी, वर्तुळं, कपाळ, गळा. पुढचा. पुटकुळी, वर्तुळं, कपाळ, गळा. काम झालं, तिने आपले फोटो वेगळे काढले आणि दवाखान्यात धाडून दिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गोटी प्रिंट कापत होती, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"फोटो पाहिले तुमचे. मान तर सुरेख आहे हो! उपचार नेमका कशाचा करायचाय?"

"मॅडम, चेष्टा करताय का?"

"मी कशाला चेष्टा करू? मला खरंच काही दिसत नाहीये."

गोटीने कटर खाली ठेवला, फोटो उघडले आणि कपाळावर हात मारून घेतला. ज्या वळ्यांवर उपचार हवा, त्याच तिने स्वतःच्या हाताने पुसून पाठवल्या होत्या! बरं, मूळ फोटो असतील म्हणावं, तर तेही नाहीत. सगळं त्याच फायलींवर सेव्ह केलेलं. या धंद्यात याहून मोठं पाप नाही, आणि हे तीच मामांना ऐकवायची. आधी ती खो खो हसली. डॉक्टरीणबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "हात न लावलेले पाठवा. जमत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या." फोन ठेवला आणि हसता हसता गोटी रडायला लागली.

मामा दारातच उभे होते. किती ऐकलं कोण जाणे.

"गोटे, काय झालं?"

मग तिने सगळं सांगितलं. लोक आधी "केवढी बारीक झालीस!" म्हणतात आणि मग त्यांची नजर हळूच खाली कशी घसरते ते. व्यायामाने हे जाणार नाही, असं सगळे सांगतात ते. मामांनी तिच्या हातातला प्रिंटचा गठ्ठा काढून घेतला.

"बस," ते म्हणाले. "मी काढतो."

त्यांनी समोरचा दिवा बंद केला आणि बाजूचा लावला.

"बाजूने कशाला रे मामा? सगळं दिसेल."

"दाखवायचंच आहे ना? समोरून उजेड टाकला की खाचखळगे लपतात. इतके दिवस मी तेच केलं. गिऱ्हाइकांच्या आरशासमोरचा दिवासुद्धा तसाच लावला." मामा कॅमेऱ्याशी उगाच चाळा करत राहिले. "मला वाटायचं, पोरीला काम आवडतं म्हणून कॅमेऱ्यामागे असते. माझंच चुकलं. विचारायला हवं होतं."

गोटीने बटण उघडलं. समोरून फोटो झाला, डावीकडून झाला.

"कधीपासून ठरवलंस हे?" मामांनी विचारलं.

"परवा बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीने मला जागा दिली. म्हणाली, 'काकू, बसा.'"

"अरे देवा. मग?"

"मग काय? बसले. पाय दुखत होते."

मामा आधी फुस्सकन हसले, मग तीही. अशी हसली की माझा स्क्रूसुद्धा कुरकुरला. नेमकी तेव्हा ती उजवीकडे वळलेली होती, बाजूचा दिवा थेट गळ्यावर, एकूण एक वळी उजेडात. मामांनी बटण दाबलं.

फोटो कॉम्प्युटरवर येतात न येतात तोच गोटीची आई डबा घेऊन आली. तिला या प्रकरणाचा पत्ताच नव्हता. पडद्यावर तोच हसरा फोटो होता. डबा हातातच धरून ती उभी राहिली.

"अगंबाई! कधी काढलास? किती दिवसांनी तुझा फोटो बघतेय मी! हा मला मोठा करून दे, बाहेरच्या खोलीत लावते."

"आई, तो लावायचा नाहीये. तो दवाखान्यात पाठवायचाय. मानेसाठी."

"मानेला काय झालंय?"

"दिसत नाही का तुला?"

आईने पुन्हा पाहिलं. "मी हसू बघत होते गं," ती म्हणाली.

मग खरं कळल्यावर आई चिडलीच. "वेड लागलंय का? पंचविशीत कसले उपचार? लोक काय म्हणतील?"

"लोक काकू म्हणतात, आई."

 आईने डबा ठेवला, ऐसपैस खुर्ची सोडून माझ्यावरच टेकली आणि आपल्या गळ्यावरून हात फिरवला. खालून मला दिसलं, तिने दोनदा आवंढा गिळला.

"मागे मी इथे काढलेला माझा फोटो तू नीट करून दिलास ना," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या मैत्रिणींनी फार नावाजला. मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी आरशात बघितलं आणि वाटलं, माझा गळा हिला आवडत नसावा."

"आई! तुला बरं वाटावं म्हणून केलं मी ते."

"ते कळतं गं मला. पण विचारलं नव्हतंस."

 गोटी खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या दोघींचा भार त्या वेळी माझ्यावर होता आणि मी जरासुद्धा कुरकुरलो नाही.

शेवटी आईच म्हणाली, "तुला करायचंच असेल तर कर. तुझी मान, तुझा त्रास. मला तो कळला नाही, ही माझी चूक. दवाखान्यात मी येईन बरोबर. पण हा फोटो मला हवा. आणि याला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

आई गेल्यावर गोटीने मला कॉम्प्युटरपाशी ओढलं आणि बसली. फोटो उघडला. सवयीप्रमाणे हात माऊसवर गेला, ब्रश गळ्यापर्यंत पोहोचला आणि तिथेच घुटमळत राहिला. मग तिने दोन्ही हात मांड्यांखाली, माझ्या रेक्झिनवर घट्ट दाबून धरले.

"मामा," ती म्हणाली, "प्रिंट तूच दे. माझा हात ऐकत नाहीये."

तिच्या तळव्यांना घाम सुटला होता. एवढं जड मला कधी कुणी वाटलं नव्हतं, आणि ती तर निम्मी झाली होती.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मायलेकी दवाखान्यात जाऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की आधी वजन स्थिर राहू द्या, मग बघू. मशीनने थोडाफार फरक पडेल, शस्त्रक्रियेने जास्त पडेल पण व्रण राहील, आणि जादू दोन्हींत नाही. गोटीने अजून बेत सोडलेला नाही. थंडी सरली की पुन्हा जाणार आहे. करेल किंवा करणार नाही. मी दोन्हीकडे तिच्याच बाजूने आहे.

वरचं बटण मात्र ती आता विसरते. कधी लावलेलं असतं, कधी नसतं. आणि ब्रश उचलण्याआधी गिऱ्हाइकाला विचारते, "गळा असाच ठेवू, की साफ करू?" परवा एक निवृत्त मास्तर म्हणाले, "राहू दे, पोरांवर ओरडून कमावलाय." त्यांच्यामागून आलेला नवरदेव म्हणाला, "काढून टाका ताई, प्लीज." तिने मास्तरांचा ठेवला, नवरदेवाचा काढला आणि दोघांनाही चहा दिला.

माझा एक पाय आता डुगडुगतो, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असते. नव्या रेक्झिनलाही पहिली सुरकुती पडली आहे, अगदी मधोमध. मामा कुशनवाल्याला बोलवायचं म्हणत होते. गोटी म्हणाली, "स्टुलाला विचारलंस का?" सगळे हसले. मला मात्र भरून आलं, कारण इतक्या वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी म्हटलंच नव्हतं.

माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. फोटो काढायला याल तेव्हा जे पुसायचं ते मागाहून पुसा, नाही तर ठेवा, तुमची मर्जी. पण 'आधी नीट होतो आणि मग येतो' म्हणून घरी बसू नका. तिकडे कुणीतरी बाहेरच्या खोलीत जागा रिकामी ठेवून तुमच्या फोटोची वाट बघत असतं. या, बसा, आणि तो रोखलेला श्वास तेवढा सोडा. तुमचा भार मी पेलतो.