खंडेनवमीचा रंग

टेस्ट पास झाली आणि हेमाची काळजी तिथूनच सुरू झाली.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात छताखालून वाफेची नवी लाइन टाकली होती. तिच्यात गार पाणी भरून, रोजच्या वाफेच्या दीडपट दाब देऊन झाला. काटा जागचा हलला नाही, एकाही जोडातून थेंब आला नाही. वेल्डर लोक चहाला निघाले. हेमा मात्र अजून शिडीवरच होती. दिगंबर सरांच्या कारखान्यात ती तपासणीचं काम बघायची आणि प्रत्येक जोड डोळ्याखालून घातल्याशिवाय खाली उतरायचं नाही ही तिची सवय. जोड बघताबघता तिने पाइपावरचा नंबर शोधला. नंबर नव्हता. पुढच्या पाइपावर नव्हता, त्याच्या पुढच्यावरही नव्हता. सगळीकडे एकसारखा लाल रंग, आणि मधूनच कुठेतरी हळदीकुंकवाची बोटं.

कारखान्याच्या गोदामात दोन जातीचे पाइप असायचे, एक वाफेचे आणि दुसरे पाण्याचे. जाडी तीच, गोलाई तीच, दोन्ही कार्बन स्टीलचे, दोन्ही बिनसांध्याचे. शेजारी ठेवले तर त्यांना जन्म देणाऱ्या पोलादाच्या गिरणीलाही ओळखता येणार नाहीत. फरक सगळा पोटात. वाफेच्या ग्रेडमध्ये ठरावीक सिलिकॉन असावंच लागतं, म्हणजे पोलाद तापण्या-निवण्याला वर्षानुवर्षं दाद देत नाही. पाण्याच्या ग्रेडला ती अट नाही. बाहेरून ओळखायचं ते पाइपावर छापलेल्या नंबरावरून आणि वाफेच्या पाइपावरच्या पिवळ्या पट्ट्यावरून. ते दोन्ही गेलं की झालं.

"संपतराव," ती शिडीवरूनच म्हणाली, "पाइपांवरचे पट्टे कुठे गेले?"

संपत गोदाम सांभाळायचा. मांजरी गावचा माणूस, वीस माणसांचं काम एकटा ओढणारा आणि वर खूश राहणारा. तो खाली शिडी धरून उभा होता.

"खंडेनवमीला घासून काढलं की ताई," तो कौतुकाने म्हणाला. "लई गंज आला व्हता. तारेचा ब्रश मारला, रंग दिला. तुमीच न्हाई का म्हनला, संपतराव, गोदाम नव्या नवरीसारखं दिसतंय म्हणून?"

म्हणाली होती. पेढा खातखात म्हणाली होती आणि एका पाइपाला झेंडूचं फूलही तिने स्वतः लावलं होतं. खंडेनवमीला लेथ पुसायचं, हातोड्याला कुंकू लावायचं, हे कारखान्यात सगळेच करतात. पाइपाचं नावगाव त्या दिवशी घासलं जातंय हे कुणाच्या डोक्यात येणार? निदान तिच्या तरी यायला हवं होतं.

"घासताना दोन्ही जातीचे वेगळे ठेवले होते ना?"

"वेगळंच असत्यात," संपत म्हणाला. मग त्याने शिडी दुसऱ्या हातात धरली. "धुवायला अंगणात काढलं तवा एक झालं. पर परत ठिवताना मी बरोबर ठिवलं."

"कशावरून बरोबर?"

संपतच्या हातातली शिडी जराशी हलली.

दिगंबर सर दारातच होते. शनिवार पेठेतले गृहस्थ. त्यांना राग आला की आवाज चढत नाही, उलट खाली जातो. हेमाने खाली उतरून, दारात जाऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला.

"टेस्ट पास झाली ना?"

"हो सर. पण गार पाण्याला पाण्याचा पाइपही पास होतो. दाबाचं कळतं, ग्रेडचं कळत नाही."

"म्हणजे आता पाइपांच्या पत्रिका मांडायच्या?"

"प्रत्येक पाइपावर मशीन लावून सिलिकॉन बघायचं. लॅबचा माणूस मशीन घेऊन इथे येतो."

"बाहेर उष्णता टिकवायला पाइपांवर काचलोकर गुंडाळणारी माणसं येऊन बसली आहेत. दिवाळीच्या आत धुलाईखाना सुरू करायचा शब्द दिलाय मी. आणि समजा, एखादा पाइप निघाला तसा, तर काय होईल? उद्या फुटेल?"

हेमाला खोटं बोलता येईना. "कदाचित काहीच होणार नाही. कदाचित दहा वर्षांनी होईल. मला माहीत नाही सर, आणि म्हणूनच भीती वाटते. एकदा लोकर आणि पत्रा चढला की कुणीच बघणार नाही. खाली बायका चादरींना इस्त्री करत असतील. मी रिपोर्टवर सही करणार नाही."

"नको करूस. पेन माझ्याकडेही आहे," सर म्हणाले.

नोकरी गेली तर गेली, असं म्हणायला सोपं असतं. तिला ते मनातसुद्धा धड म्हणता येत नव्हतं. पण ती दारातून बाजूला झाली नाही. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग संपतकडे. संपत मान खाली घालून नखाने पाइपाच्या तुकड्यावरचा लाल रंग खरवडत होता, खालून काहीतरी छापलेलं निघेल या आशेने. खाली कोरं पोलाद होतं. सरांनी खिशातून फोन काढला आणि लॅबचा नंबर लावला.

लॅबचा माणूस आला. तो रंग घासून पाइप चकचकीत करायचा, मशीनचं तोंड टेकवायचा, एक ठिणगी उडायची आणि पडद्यावर आकडे यायचे. पहिला पाइप चांगला निघाला. दुसराही. प्रत्येक आकडा हेमा वहीत लिहून घ्यायची. हळूहळू संपतच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. एवढ्यात शेजारच्या जुन्या धुलाईखान्यातून त्याची बायको बायडाबाई चादरींचं गाठोडं घेऊन आली आणि काय चाललंय ते बघत उभी राहिली. ती त्या धुलाईखान्यातच कामाला होती. नवीन इस्त्रीच्या मशिनी सुरू झाल्या की इकडे येणार होती.

लॅबचा माणूस शिडी घेऊन कोपऱ्यातल्या इस्त्रीच्या मशिनीवरच्या पाइपाकडे वळला तेव्हा संपत पुढे झाला.

"ह्यो बघायची गरज न्हाई," तो म्हणाला. "ह्यो मी सोता निवडलाय. समद्यात गुळगुळीत, एक डाग न्हाई. बायडाच्या डोक्यावरनं जानार म्हणून दोनदा रंग दिलाय."

हेमाला गोदाम आठवलं. वाफेचे पाइप वर्षभर गोदामात पडून होते. गंज त्यांनाच चढलेला. पाण्याचे पाइप नुकतेच आले होते, गुळगुळीत, बिनडागी.

"बघावा लागेल, संपतराव," ती कशीबशी म्हणाली.

ठिणगी उडाली. लॅबच्या माणसाने आकडा पाहिला, त्याच पाइपावर दुसऱ्या जागी रंग घासला आणि पुन्हा मशीन टेकवलं. आकडा तोच. सिलिकॉन नावालासुद्धा नव्हतं.

"कापा," दिगंबर सर म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"काय निघालं वो?" बायडाबाईने विचारलं.

"चुकीचा हाय," संपत म्हणाला.

"कंचा?"

त्याने बोट वर केलं. बायडाबाईने पाइपाकडे पाहिलं, मग त्याच्याखालच्या मशिनीकडे.

"मी मेट्रनबाईंच्या पाया पडून ही मशीन मागून घेतली," ती म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता, त्याच्याखालीच हुबी ऱ्हा म्हणून."

लाइनीत तेव्हा वाफ नव्हती. टेस्टचं पाणीसुद्धा काढून टाकलेलं होतं. तरी संपतने बायकोचा दंड धरला, गाठोड्यासकट तिला दाराबाहेर नेऊन उभं केलं, आणि मगच तो पाइप कापायला शिडी लावली.