पाय उचलणारी मावशी

या मित्रांनो, जरा जवळ सरका. देवाने घडवून आणलेली एक छोटीशी गोष्ट सांगते.

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. माझी उमेदीची वर्षे केशकर्तनालयात गेली. तिथे मुले माझ्यावर गरगर फिरत आणि "आणखी एकदा!" म्हणत. पुढे दुकान मोडले आणि मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला आपल्या खोलीत आणले.

काही माणसांना अचानक धडधडते, घाम फुटतो, आता जीव जाणार असे वाटते. बाई त्यांना मुद्दाम माझ्यावर फिरवीत. चक्कर येते आणि जाते, काही बिघडत नाही, हे त्यांना स्वतः अनुभवता यावे म्हणून.

एक शिंपीणमावशी आली. बसमध्ये पाय ठेवला की तिला धाप लागे. लेक परगावी, तिचे दिवस भरत आलेले. मावशी माझ्यावर बसली, पण पाय जमिनीला घट्ट रोवून.

"हिचं ऐकत बसाल तर झालंच!" म्हणत सोबत आलेल्या तिच्या नवऱ्याने मला जोरात ढकलले.

मावशी किंचाळली. रडत निघून गेली, ती काही दिवस फिरकलीच नाही. मी कोपऱ्यात धूळ खात पडले.

मग एका सकाळी ती एकटीच आली, पायी.

"बाई, लेकीने बोलावलं नाही हो. 'आई, तुला जमायचं नाही, राहू दे' म्हणाली. ते फार लागलं. मला जायचंय."

"मग मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा द्या, मग पाय तुमचे तुम्हीच उचला."

मावशीने देवाचे नाव घेतले आणि पाय उचलले.

"मेले गं बाई!"

"मेलात?"

"नाही... पण पोटात ढवळतंय."

"ढवळू दे. बादली आहे."

दोघी हसल्या. थोड्या वेळाने मावशीने आपणहून पुन्हा रेटा दिला. त्यानंतर ती नेमाने येऊ लागली.

लेक बाळंत झाली तेव्हा मावशी तिच्या उशाशी होती. परतल्यावर सांगत होती, "वाटेत धडधडलं हो! पण बसमधून उतरले नाही. नात आजोबांवर गेलीय, टक्कल घेऊनच आलीय!"

मित्रांनो, खुर्ची तीच, बाई त्याच, फिरणेही तेच. पहिल्यांदा तिला दुसऱ्याने ढकलले होते, नंतर ती स्वतः निघाली. एवढाच काय तो फरक.

तुमच्या घरातही कुणी असे घाबरून अडले असेल. त्याला हसू नका, ढकलू नका. जवळ बसा, काय हवे ते विचारा. आणि आज देवापुढे हात जोडाल तेव्हा, ज्याचे पाय अजून जमिनीवरून सुटले नाहीत, त्याची तेवढी आठवण ठेवा.