चिमणीचा आवाज आणि दोनशे वॅट

मुलांनो, क्षणभर कल्पना करा. शाळेचं लांबलचक सभागृह आहे आणि मंचावर माइक धरून तुम्ही उभे आहात. उद्या इथे सगळ्यांचे आईबाबा येणार. आज तुम्ही गोष्टीची तालीम करताय, आणि शेवटच्या रांगेतून मुख्याध्यापक ओरडतात, "काही ऐकू येत नाही!"

एका मुलीचं अगदी असंच झालं. आवाज बारीक, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. मुख्याध्यापक सरांनी पुढे येऊन आवाजाचं बटण पिळलं, तर स्पीकरमधून कुंईऽऽ अशी शिट्टी! पुढे बसलेल्या बालवर्गाने कान दाबले. एक जण तर रडायलाच लागला. सरांनी बटण लगेच मागे फिरवलं.

"शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरत नाही," सर म्हणाले. "दोनशेचा मागवतो, आवाज दुप्पट होईल. नाहीच मिळाला, तर चिमणे, तुझी गोष्ट पुढच्या वर्षी."

चिमणीचं तोंड एवढंसं झालं.

तिला न्यायला आत्या आली होती. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. डेसिबल, म्हणजे आवाजाची पातळी, मोजायचं यंत्र तिच्या पिशवीतच असे.

"सर, वॅट दुप्पट केले, तरी डेसिबल वाढतात फक्त तीन. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतील!"

"दहापट? मग छप्परच उडेल की!"

"आणि या पिल्लांचे कान? शिवाय स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरला, की शिट्टी वाजणारच. चिमणे, माइक एवढा लांब का गं?"

"तोंडाला लागेल ना!"

"नाही लागत, वेडे. एक वीत आहे, अर्धी वीत कर."

सर आत्याचं यंत्र घेऊन शेवटच्या रांगेत उभे राहिले. चिमणी आधी लांबून बोलली, मग जवळून.

"अरेच्चा! सहा डेसिबल वाढले! बटणाला तर कुणी हातही लावला नाही!"

"चौपट वॅट लावल्यासारखंच," आत्या हसली. "अजून जवळ घे गं."

आता शेवटच्या रांगेत शब्द न् शब्द पोचला. आणि शिट्टीही वाजली नाही!

"चुकलोच मी," सर म्हणाले. "नवा अ‍ॅम्प्लिफायर नको. गोष्ट उद्याच!"

दुसऱ्या दिवशी गोष्ट संपली, तेव्हा पहिली टाळी मागूनच आली, आणि मग सभागृह दणाणून गेलं!

म्हणून बाळांनो, बटण पिळण्याआधी अंतर कमी करा. आणि समोर कुणाचे कान आहेत, तेही पाहा.

आणि हो, त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर आभार मानायला खेळाचे सर आले. त्यांची हाक माइकशिवायच मैदानापार जायची. त्यांनी माइक थेट ओठांना लावला. चिमणी टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने तो हळूच हातभर लांब ओढला.