वरून आलेला पास

धुळ्याच्या मैदानात पाय ठेवताच हुमाच्या मनात पाल चुकचुकली. पाण्याच्या टाकीआड प्रियल कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होती. तो अर्पित होता. प्रियलच्या मामाचा मुलगा आणि धुळ्याच्या संघाचा सहप्रशिक्षक. हुमा दिसली तशी दोघं गप्प झाली.

"काय म्हणत होता?" हुमानं विचारलं.

"काही नाही गं. मामीनं संध्याकाळी जेवायला बोलावलंय."

जेवणाचं आमंत्रण द्यायला टाकीआड कशाला जावं लागतं?

हुमा सहा फूट एक इंच उंच. जळगावच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा सगळा खेळ तिच्यावर उभा. प्रियलनं बाहेरून बॉल द्यायचा, रिंगजवळ उभ्या हुमानं तो आत टाकायचा. मात्र हुमा कप्तान झाल्यापासून प्रियल तिच्याशी कामापुरतंच बोलायची.

सामना सुरू झाला आणि हुमाचा संशय बळावला. एरवी समोरच्या संघाची मुलगी तिच्या पाठीमागे उभी राहून तिला रेटायची. आज धुळ्याची आठ नंबरची दणकट पोरगी थेट तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, बॉल आणि हुमा यांच्या मधोमध. पहिल्या मिनिटापासून, जणू ठरवूनच. प्रियल बॉल घेऊन यायची, हुमाकडे बघायची आणि दुसरीकडेच पास द्यायची.

हुमा चिडून बॉल मागायला बाहेर धावू लागली. रिंगपासून लांब गेल्यावर तिच्या उंचीचा काय उपयोग? "ओ शिडी, भिंतले जाईसन टेक!" कडेला बसलेलं कुणीतरी अहिराणीत ओरडलं, भिंतीला जाऊन टेक म्हणून, आणि हशा पिकला. हाफटाइमला जळगाव नऊ गुणांनी मागे होतं.

"तू त्यांना सांगितलंस ना?" हुमानं सगळ्यांसमोर विचारलं.

प्रियलनं तोंड पुसलं. "हो. मीच सांगितलं, तिच्या पुढे उभ्या राहा म्हणून."

संघातली सारिका पाणी पिता पिता थांबली. प्रशिक्षक पितांबर सर पुढे आले. "काय बोलतेस हे?"

"सर, अमळनेरच्या सामन्यात हिला मागून रेटून रेटून दमवलं होतं. अर्पितदादा आज तेच करणार होता. त्यांची मुलगी पुढे उभी राहिली की हिच्या मागे रिंगपर्यंत कुणीच उरत नाही. मी वरून बॉल टाकणार होते. पण हिनं आधी वर हातच केला नाही, आणि मग तर माझ्याकडेच धावत सुटली!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. अर्पितदादाला लगेच कळलं असतं."

पकडली गेल्यावर माणूस असलंच काहीतरी रचून सांगतो, हुमाला वाटलं. सरांचाही चेहरा उतरला होता. पण ते एवढंच म्हणाले, "खरं-खोटं नंतर बघू. हुमा, बॉलकडे धावू नकोस. आठ नंबरच्या पाठीला कंबर लावून तिला तिथंच अडव, एक हात रिंगच्या बाजूला वर ठेव. बॉल डोक्यावरून गेला की मगच वळ."

पहिला पास आला तेव्हा हुमाचं लक्ष बॉलपेक्षा प्रियलच्या चेहऱ्यावर होतं. ती उडाली उशिरा. बॉल तिच्या बोटांवरून रेषेबाहेर गेला. मुद्दामच लांब टाकला, ती मनात म्हणाली.

दुसऱ्या वेळी तिनं पाय रोवले. आठ नंबरची मागे सरकायला धडपडत होती. हुमानं तिला जागचं हलू दिलं नाही. बॉल उंच आला, अगदी वर केलेल्या हाताच्या दिशेनं. हुमा वळली तेव्हा रिंगखाली खरोखरच कुणी नव्हतं. बॉल बोर्डाला लागून आत गेला.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग अर्पितनं ओरडून आणखी एक मुलगी हुमाच्या मागे धाडली. आता वरचा पास बंद झाला. पण ती मुलगी जिला सोडून आली होती ती सारिका रिंगसमोरच्या फ्री थ्रो लाइनवर मोकळी उभी होती. प्रियलनं बॉल तिला दिला. बॉलची जागा बदलली तशी आठ नंबरची हुमाच्या पाठीमागे अडकली, आणि मदतीला धाडलेली मुलगी परत सारिकाकडे धावली. सारिकाचा सरळ पास हुमाच्या हातात पडला.

जळगाव तीन गुणांनी जिंकलं.

मुली नाचत होत्या. हुमा मात्र अर्पितवर नजर ठेवून होती. ही दोघं आता हसत बोलली तर? प्रियल त्याच्याकडे गेली, काहीतरी म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. "घरच्या माणसाला फसवतेस? मामाला काय तोंड दाखवशील?" एवढं मोठ्यानं बोलून तो निघून गेला.

प्रियल तिथंच उभी राहिली. डोळे भरलेले. हुमा जवळ गेली.

"माझी शंका अजून पुरती गेलेली नाही," ती म्हणाली. "पण पास चांगले होते."

प्रियल रडता रडता हसली. "मामीकडे आता कसं जाऊ?"

"नको जाऊस. बसस्टँडवर काहीतरी खाऊ."

दोघी बॅगा उचलून चालू लागल्या. पितांबर सर गेटपाशी वाट बघत होते. प्रियलला त्यांचं अजून बरंच ऐकून घ्यायचं होतं. हुमा तिच्यासोबत थांबली.